नूतनचं वेखंड

गुंजवणे

प्रिय चि. सौ. नूतन हिला आत्याचा आशीर्वाद,

ते ‘सौ.’ लिहिताना पेन जरा थांबलं होतं, पण लिहिलंच. तुझं सौभाग्य परत आणायला आमीच दोघं पाटावर बसलो होतो, मग ते लिहायला आता का कचरावं? माझं अक्षर तुला ठाऊक आहे, कोंबडीनं माती उकरल्यासारखं. सातवीनंतर पेन हातात धरलं ते सहीपुरतंच. तरी नेटानं वाच. तुझा भाऊ कुमार शिरवळला तुझ्याकडं यायचा आहे, त्याच्या हाती हे पत्र देतेय आणि सोबत फडक्यात बांधलेलं एक पुडकं. पुडकं आधी सोडू नकोस. तुझी खोड मला माहीत आहे, डब्याचं झाकण आधी उघडायचं आणि हात मागनं धुवायचे.

फोन का केला न्हाई म्हणशील. दिवाळीत केला होता बघ. तू चकल्या करत होतीस, पीठ सैल झालंय म्हणालीस, आणि बोलता बोलता मधेच हाक मारलीस, आत्या, अहो आत्या! म्या हितं चुलीपुढं बसून ओ दिली. चांगली मोठ्यानं दिली. मग कळलं, ती हाक मला नव्हतीच, तुझ्या तिकडच्या आत्यांना होती. रेंज जातीय वाटतं, असं म्हणून म्या फोन ठेवला. रेंज कुठली जातीय, मोबाईलवर काड्या भरलेल्या होत्या. सासूला आत्या म्हणायचं ही आपल्याकडची रीत, त्या बाईला तू दुसरं काय म्हणणार? चूक तुझी न्हाई, त्यांची न्हाई, माझ्या कानाची आहे. पण तेव्हापासनं तू फोन केला न्हाईस आणि म्या केला न्हाई. आपलं बोलणं असंच तुटून जातंय की काय, ह्या भ्यानं माझा जीव खालीवर होतोय गं. म्हणून लिहायला बसले.

हितलं बरं आहे. मामांचे गुडघे धरलेत, तरी राजगड चढून येतो म्हणत्यात. म्या म्हणलं, आधी ओटा नीट उतरा. तू घरात होतीस तेव्हा त्यांना कधी सासरेपण गाजवता आलं न्हाई, आता माझ्यापुढं काय गाजवणार? इंद्रायणी भात औंदा बरा झाला. म्हशीला रेडी झालीय, तुझ्यासारखीच हट्टी, बांधलेल्या जागी म्हणून बसत न्हाई.

आणि तुझं वेखंड ओढ्याकाठाला असं दाट माजलंय की हात घातला तर दिसायचा न्हाई. आठवतं का? तू लग्न होऊन आलीस त्या साली म्या खाचराच्या कोपऱ्यात, पाणी साचतं तिथं, वेखंड लावलं होतं. नवी सून उंबरा ओलांडून आली की सासूनं वेखंड लावायचं, ही आपल्या घरची रीत. म्हंजे बाळ होईस्तवर कांडं जून होतं आणि नातवाच्या गुटीला दुकानातलं आणावं लागत न्हाई. माझ्या गोरखच्या गुटीला माझ्या सासूनं लावलेलं, त्यातलंच ते रोप. आणि तू भोरच्या पेठेत वाढलेली पोर! भातातलं गवत काढता काढता लव्हाळा समजून सगळं उपटलंस आणि बांधावरनं ओढ्याकडं भिरकावलंस. वर मलाच येऊन सांगतेस, आत्या, कोपरा कसा लख्ख केला बघा. म्या कपाळाला हात लावला. अगं बये, वास तरी घ्यायचास, म्हणून जो तोंडाचा पट्टा सोडला तो वरच्या आळीपर्यंत ऐकू गेला. तू पदरात तोंड घालून रडत होतीस आणि गोरख बांधावर बसून खो खो हसत होता. आई, नातवाला लव्हाळा पाज, म्हणाला. मेला.

बघ, काय शब्द आला हातातनं. खोडत न्हाई. तेव्हा म्या असंच म्हणलं होतं, आणि तो आणखीच हसला होता.

पुढच्या पावसात बघते तर फेकलेल्या जागीच, दगडगोट्यांत, त्याला हिरवी पाती फुटलेली. कुणी पुरलं न्हाई, कुणी आळं केलं न्हाई, तरी आपलं आलं. म्हशी तुडवतील म्हणून गोरखनं ओढ्यातले दगड आणून त्याला कड केली आणि नाव ठेवलं, नूतनचं वेखंड. आल्यागेल्याला हाताला धरून दाखवायचा, हे आमच्या मंडळींनी फेकून लावलंय म्हणून. तू लटकी रागवायचीस. संध्याकाळी दोघं त्या दगडांवर बसून पाती चुरगळून एकमेकांच्या नाकाला लावायचात. मला काय दिसत नव्हतं व्हय?

मग तो पंपाची मोटार दुरुस्तीला घेऊन कापूरहोळला गेला आणि त्या चौकात ट्रकखाली आला. अजून यष्टी तिथनं वळते तेव्हा मी डोळे मिटून घेते. तेराव्यानंतर एका दुपारी मी इळा घेऊन ओढ्यावर गेले. आता कुणाच्या गुटीला हे वेखंड? ह्या घरात कुणाचं बाळ रांगणार? म्हणून सपासप कापलं, कांडी उपटून दगडावर आपटली. तू मागनं आलीस. माझ्या हातातनं इळा काढून घेतलास आणि उघड्या पडलेल्या मुळांवर हातानं चिखल ओढलास. मग आपण दोघी तिथंच बसून रडलो. त्या उन्हाळ्यात ओढा आटला, उरलीसुरली पाती करपली. पाऊस पडला आणि पुना हिरवं. लई चिवट जात. त्याला माझी काही गरज न्हाई, पण मलाच त्याची लागायला लागली. रोज जाते. आत शिरलेला लव्हाळा उपटते, गाळ भरला की मोकळा करते, रेडीला हाकलते, आणि बोलते त्याच्याशी. लोक म्हणत्यात, फुलाबाईचं डोकं फिरलं. म्हणू देत.

तुझं दुसरं लग्न करायचं मामांनीच काढलं. पोरीनं आपल्या दोघांची तोंडं बघत म्हातारं व्हायचं का, म्हणाले. तुझे आईवडील न्हाईत, म्हणून कन्यादानाला आमी बसलो. मांडवात लोक म्हणत होते, केवढं मोठं मन. मोठं कसलं गं! तुझा हात दुसऱ्याच्या हातात देताना वाटत होतं, गोरखला दुसऱ्यांदा पोचवतेय. घरी आले, गोठ्यात शिरले आणि म्हशीच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. मामा दारात नुसते उभे राहिले. पण तू सुखी व्हावीस हे काही खोटं नव्हतं. ते तेव्हाबी खरं होतं आणि आताबी आहे.

आता पुडकं सोड. वास आला ना? मागं मार्गासनीला यष्टीची वाट बघत होते तिथं कुमार भेटला, आणि बोलता बोलता त्याच्या तोंडातनं निसटलं, ताईला दिवस गेलेत. मग जीभ चावली आणि हात जोडायला लागला, आत्यांना कळू देऊ नको म्हणून ताईनं बजावलंय म्हणाला. त्याला रागावू नकोस. आणि तू गं वेडे, माझ्यापासनं लपवलंस? मला वाईट वाटेल म्हणून? वाटलं. खोटं कशाला सांगू, यष्टीत खिडकीकडं तोंड करून घरापर्यंत रडत आले. ते बाळ माझ्या गोरखचं असायला पाहिजे होतं, हे मनातनं जात न्हाई, आणि जाणारबी न्हाई. पण गाडीतनं उतरले ती तशीच ओढ्यावर गेले आणि गोरखच्या दगडांच्या कडेतलं वेखंड खणलं. सावलीत वाळवलंय, उन्हात वास उडतो. बारीक मुळ्या खरडून काढल्यात. सहाणेवर दुधात एकच वळसा उगाळ, जास्त न्हाई, लई उग्र असतं. डॉक्टरीण नको म्हणाली तर पाजू नकोस, न्हाऊ घातल्यावर पूड नुसती टाळूला लाव. त्याच्या अंगाला तो वास तरी लागू दे. एक कांडं ओलं ठेवलंय, ते परसात मोरीचं पाणी जातं तिथं खोच. कुणी गवत समजून उपटलं तर तोंडाचा पट्टा सोडू नकोस. तिकडच्या आत्यांनी विचारलं तर बाजारातनं आणलं म्हण. त्यांचं मन मोडू नकोस, बाळाची आजी त्याच आहेत, माझा काही हक्क न्हाई. फक्त पहिल्यांदा उगाळशील तेव्हा, मनातल्या मनात, एकदा मला आत्या म्हणून हाक मार. मी हितं ओढ्यावर असेन. ओ देईन.

तुझीच,
हितली आत्या