अकरा रांजण, पक्का भाव

२ नोव्हेंबर, रविवार

मार्चपासून तुला उघडलं नाही, वहीबाई. कारणं होती, पण तीच लिहीत बसले तर पुन्हा मिटून ठेवीन. तेव्हा माफ कर आणि ऐक.

सासूबाईंचं उतारावरचं घर पाडणार आहेत. २९ तारखेच्या आत रिकामं करायचं. त्या आमच्याकडे येणार, बाराव्या मजल्यावर. त्यांच्या अंगणात अकरा रांजण आहेत. मोक्पो बंदराच्या बाजारात एकतीस वर्षं त्यांनी खारवलेला जवळा विकला, तो ह्याच रांजणांमधून. सगळ्यात मोठा माझ्या कमरेच्या वर येतो. त्याच्या पोटाला तारेचा वेढा आहे.

त्यांनी काही विचारलं नव्हतं. मीच आपणहून म्हणाले, आई, वर एकही मावणार नाही हं. त्या मिरच्या निवडत होत्या, निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, विकून टाक तुझ्या त्या फोनवर.

विचारायच्या आधीच नाही म्हणायची एवढी घाई का झाली मला?

फोटो काढले, वस्तीच्या खरेदी-विक्रीच्या अ‍ॅपवर टाकले. भाव त्यांनीच सांगितले, एकेका रांजणावर हात ठेवून.

५ नोव्हेंबर, बुधवार

पहिला गेला — आणि मी सपशेल हरले.

घेणारीचं अ‍ॅपवरचं नाव 'बटाट्याची आई'. भाव साठ हजार वॉन. ती आली, झाकणाला टवका शोधला. पाच हजार कमी केले. मग पेट्रोल. मग घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मग "ताई, तुम्ही किती प्रेमळ दिसता!" शेवटी पस्तीसला नेला, आणि तो गाडीत चढवायला हातही मीच लावला.

सासूबाई ओसरीवरून बघत होत्या. रागावल्या नाहीत. कितीला गेला एवढंच विचारलं. सांगितलं. तेव्हा म्हणाल्या,

"ह्यापुढं एक जरी भाव पाडून गेला, तर मी इथून हलायची नाही. पाडू देत घर माझ्यासकट."

माझ्या नवऱ्याला, तेसकला वाटतं, आई नुसतं बोलते. त्याची आईच आहे, पण तो शिकायला बाहेरगावी होता. बाजारात गाळा हलवायचा हुकूम निघाला तेव्हा ह्या बाई नऊ दिवस रिकाम्या टोपल्यांमध्ये बसून राहिल्या होत्या. मी रोज डबा नेत होते. ह्या बसतील.

७ नोव्हेंबर

"अजून आहे का?" — आहे. मग शांतता. असे दिवसभरात तेरा.

८ नोव्हेंबर, शनिवार

औषधाच्या दुकानासमोर ठरलं होतं. मधल्या आकाराचा रांजण चादरीत गुंडाळून, हातगाडीवर घालून नेला. पन्नास मिनिटं वाऱ्यात उभी. मग निरोप — विसरलेच, पण फुकट देणार असाल तर आत्ता निघते.

मी उत्तरात काय लिहिलं? "काही हरकत नाही." हरकत नव्हती? कान लाल झाले होते थंडीनं, आणि नाकातून पाणी. का लिहिते मी असं?

९ नोव्हेंबर, रविवार

सासूबाईंनी आज मला पायरीवर बसवलं. ग्रंथालयात सतरा वर्षं नोकरी करणाऱ्या बाईला जवळा विकायला शिकवलं!

त्यांचं म्हणणं असं: गिऱ्हाईक कमी करा म्हणतं तेव्हा त्याला पैसे नको असतात. आपल्याला काहीतरी जास्त मिळालं, हे त्याला घरी जाऊन सांगायचं असतं. तर ते द्यायचं. भावाला हात लावायचा नाही, वर एक मूठ टाकायची. आज भाव पाडला की उद्या तो पाडलेलाच भाव होतो. मूठ कुणाच्या लक्षात राहत नाही, चव राहते.

मी विचारलं, आणि मूठ देऊनही घेतलं नाही तर?

"तर जाऊ दे. तू काय त्याच्या मागं मागं घरी जाणार आहेस?"

दोन नियम ठरले. रांजण न्यायला दारात यायचं, मी कुठे जाणार नाही. आणि वर मूठ.

११ नोव्हेंबर, मंगळवार

जिंकले.

एक गृहस्थ आले, हातात दोरी. "बायकोनं पाठवलंय. काय न्यायचंय ते तुम्हीच सांगा." रांजण बघून बिचारे दोन पावलं मागे सरकले. त्यांना वाटलं होतं पिशवी असेल. मग बायकोला फोन लावला, आणि तिचं सगळं मला ऐकू येत होतं. दहा हजार कमी करायला सांग. ते मला म्हणाले, दहा हजार कमी करा म्हणतेय.

 तरी म्हणाले, भाव तोच. आणि आत जाऊन दोन मोठे डाव जवळा पिशवीत भरून आणला.

"कमी नाही करत," ते फोनमध्ये म्हणाले. "पण जवळा देतेय."

 पलीकडून — "किती?"

"बराच आहे."

"मग आण."

सासूबाई ओसरीवरून उठून आत गेल्या.  पण जेवताना माझ्या भातावर माशाचा पोटाकडचा तुकडा आला, जो नेहमी तेसकच्या भातावर जातो.

१४ नोव्हेंबर

एकाच दिवशी तीन. पूर्ण भाव.

१५ नोव्हेंबर, शनिवार

अ‍ॅपवर प्रत्येकाच्या सभ्यतेचं तापमान दिसतं. चांगल्या शेऱ्यांनी चढतं, वाईट शेऱ्यांनी उतरतं. माझं बेचाळीस होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता.

आज एकानं लिहिलं, वीस हजार कमी करा, नाहीतर वाईट शेरा टाकतो. मी लिहिलं, भाव तोच आहे, वर जवळा मिळेल. त्यानं शेरा टाकला. तापमान उतरलं. मी संध्याकाळपर्यंत मनात अपराधाची जागा शोधत होते — माझं काही चुकलं का, शब्द कडक होता का. सापडली नाही. ग्रंथालयातून घरी चालत आले आणि चक्क गुणगुणत होते.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दहा गेले! पहिला सोडून एकही भाव पाडून नाही. आता फक्त मोठा, तारेच्या वेढ्याचा. दोन लाख वॉन. त्याच्यासाठी एकच गिऱ्हाईक आहे: 'शांत कासव'.

नाव शांत, प्रश्न संपत नाहीत. आत हात घातला तर तळ लागतो का? वेढा कधीचा? पाऊस पडला की बाहेरून मीठ फुलतं का? टिचकी मारली की कसा वाजतो? टिचकी मारून आवाज फोनमध्ये भरून पाठवला. उत्तर आलं: पुन्हा मारा, जरा खाली.

२३ नोव्हेंबर, रविवार

कासव आज येणार होतं. आलं नाही. गुडघा दुखतो म्हणे. "शिवाय वेढा आहे म्हणजे रांजण फुटका. एक लाखाला द्या."

मी लिहिलं, वेढा चोवीस वर्षांपूर्वीचा आहे, त्यानंतर थेंब गळलेला नाही. भाव तोच.

२६ नोव्हेंबर, बुधवार

तीन दिवस उरले. कासव एक लाखावर अडून बसलंय. दुसरं कुणी विचारतही नाही.

तेसक म्हणाला, दे एक लाखाला. उरलेले आपण घालू, आईच्या हातात पूर्ण ठेवू. तिला काय कळणार?

नाही कळणार. हे खरं आहे, म्हणूनच लिहिते. मी फोन घेतला, "ठीक आहे, एक लाख" असं टाईपसुद्धा केलं. बोट तसंच राहिलं. पैसे पूर्ण दिसले असते, रांजण मात्र अर्ध्यात गेला असता. आणि त्या ज्या घरात यायच्या, ते त्यांना फसवून आणलेलं घर झालं असतं. मग मी त्यांना रोज वाढलं असतं कसं?

पुसलं. लिहिलं: "दोन लाख. ह्या रांजणाला ह्याहून कमी भाव नाही. वर दहा किलो समुद्राचं मीठ माझ्याकडून. नको असेल तर राहू द्या, मी वाईट वाटून घेणार नाही."

आणि मग भीती. मी एका वाक्यापायी सासूबाईंना पडक्या घरात बसवलं का?

चाळीस मिनिटांनी उत्तर आलं. "बरं. दोन लाख. मीठ जाड द्या."

तेसकला फोन दाखवला. त्यानं निरोप दोनदा वाचला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

कासवानं स्वतः न येता छोटा ट्रक पाठवला. ड्रायव्हरनं पाकीट दिलं, पूर्ण पैसे. मीठ आत ठेवलं, झाकण दोरीनं बांधलं. सासूबाईंना पाकीट दिलं. त्यांनी न मोजता खिशात घातलं आणि रिकाम्या अंगणाला झाडू मारला. मग म्हणाल्या, चल, उद्या निघायचं. मी आत जाऊन भिंतीला टेकून हसले.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आमच्या इमारतीच्या फाटकाशी तोच ट्रक उभा होता, वर रांजण. ड्रायव्हर म्हणाला, पत्ता हाच दिलाय, बारावा मजला. मला वाटलं, काहीतरी घोटाळा आहे. सासूबाई गाडीतून उतरल्या, सरळ गेल्या आणि झाकणावर तळहात ठेवला. 'शांत कासव' त्याच होत्या! टाईप करायला खालच्या गल्लीतल्या पार्लरवालीला बसवायच्या म्हणे, स्वतःचे केस वाळेपर्यंत.

"अर्ध्यात दिला असतास ना," त्या म्हणाल्या, "तर हा तिथंच राहिला असता. मीपण."

 मी एवढंच म्हणाले, आई, मीठ जाडच आहे.

उद्या: बाल्कनीत जागा करणे — तेसकची व्यायामाची सायकल अ‍ॅपवर टाकणे. भाव पक्का.