डावीकडचं व्हायोलिन

ती. वन्संना वाकून नमस्कार (मनातल्या मनात वाकले आहे, कंबर धरल्यामुळे प्रत्यक्ष वाकणं सध्या बंद आहे). तुमच्या गुडघ्याला आता आराम असेल आणि भावोजींचा खोकला पळाला असेल, असं धरून चालते. इकडे सगळं क्षेम आहे, म्हणजे कंबर सोडली तर मी धडधाकट आहे आणि तुमचे बंधू स्टिरिओ घेऊन बसले आहेत.

तुम्हाला ठाऊकच आहे, हे दिवसभर बाटल्यांच्या कारखान्यात उभे असतात. बाटल्या एकमेकींना धडकत पट्ट्यावरून जातात आणि हे त्यांच्यावर देखरेख करतात. (बाटल्या ह्यांचं ऐकतात. घरात ती सोय नाही.) मध्यंतरी ह्यांच्या मनानं घेतलं की आपल्या रेडिओत आता जीव राहिला नाही, गायक गोधडीत तोंड खुपसून गातो, तेव्हा परवडेल असा एक स्टिरिओ घ्यायचाच. मला रेडिओ पूर्वीसारखाच ऐकू येत होता. मग अभ्यास सुरू झाला. उठता बसता वॉट आणि ओहम. मी ओरडतेय, "अहो, दूध उतू जातंय, गॅस बंद करा," आणि हे शांतपणे म्हणतायत, "बरोबर, दोन्ही बाजूंना सारखंच हवं."

आमची ऐपत ऐकल्यावर पहिल्या दुकानदाराने नुसत्या वायरी दाखवल्या. दुसऱ्याने आधी पाणी मागवलं होतं, ते वाटेतूनच परत गेलं. तिसऱ्या दुकानातला विक्रेता मात्र गोड माणूस. टाय बेंबीच्या खाली, आणि आवाज असा की स्पीकरनेच लाजावं. त्याने आम्हाला जाड पडद्यांच्या खोलीत कोचावर बसवलं. आधी ह्यांच्या छातीएवढे दोन मनोरे सुरू केले, तेव्हा माझ्या पोटातला नाश्ता जागचा हलला. (ते घरात ठेवायचे तर आम्हाला जिन्यात संसार थाटावा लागला असता.) मग एक डबा दाखवला, जो म्हणे बोललेलं ऐकून गाणं लावतो. ह्यांनी त्याला चढत्या आवाजात पुन्हा पुन्हा हुकूम केला आणि त्याने दर वेळी उद्याचं हवामान सांगितलं. शेवटी पुस्तकांच्या फळीवर मावतील असे दोन छोटे स्पीकर निघाले. विक्रेता म्हणाला, "डोळे मिटा, साहेब. उजवीकडे ढोलक, डावीकडे व्हायोलिन."

ह्यांनी डोळे मिटले, मान डोलावली. "वा! डावीकडून व्हायोलिन काय स्वच्छ येतंय!"

मला काही ते ऐकू येईना. विक्रेत्यालाही येत नसावं, कारण तो वाकून मागे बघायला गेला आणि डाव्या स्पीकरची वायर हातात घेऊन उभा राहिला. ती कशालाच जोडलेली नव्हती. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. पण शेवटी तो विक्रेता. म्हणाला, "साहेबांचा कान फारच तयार आहे," आणि पावती फाडली.

घरी आल्यावर माहितीपुस्तिकेत निघालं की दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा. माझी शिवणाची टेप घेऊन ह्यांनी मोजलं, तर डोकं नेमकं स्वयंपाकघराच्या दारात आलं. तेव्हापासून दारात स्टूल, स्टुलावर हे, आणि मी गरम पातेलं घेऊन आत कोंडलेली. "सरका" म्हटलं की "त्रिकोण मोडेल!"

बरं, त्रिकोणानेही भागेना. "डावा कमी पडतोय" म्हणत हे रोज बटण डावीकडे पिळायचे, इतकं की उजवा स्पीकर फुलदाणी ठेवण्यापुरता उरला. एका सकाळी शेजारचे निवृत्त कवायत-मास्तर दारात हजर. डावा स्पीकर त्यांच्या भिंतीला लागून आहे, त्यामुळे मी भांडणाच्या तयारीने पदर खोचला. मास्तर म्हणाले, "आवाजाबद्दल काही नाही. मी त्यावरच व्यायाम करतो. पण आमच्याकडे नुसतं व्हायोलिन येतंय. ढोलक तुम्ही ठेवून घेता का? पाय कशावर टाकायचे?"

मास्तर गेल्यावर मी ह्यांच्या डाव्या बाजूला उभी राहून हळूच म्हटलं, "अहो, तुम्हाला नवीन शर्ट आणलाय." ढिम्म. उजवीकडून तेच म्हटलं, तर लगेच, "कुठंय?"

शर्ट नव्हताच. ते ह्यांच्याही लक्षात आलं. बटणाशी चाळा करत म्हणाले, "अगं, पूर्वी गाणं दोन्हीकडून यायचं. मला वाटलं, नवीन आणलं की पुन्हा येईल." वन्सं, इतके दिवस मी हसत होते. तेव्हा मात्र हातातलं पातेलं खाली ठेवावं लागलं.

डॉक्टरांचं नाव काढलं की विषय संपतो. कानात यंत्र घालतील आणि कारखान्यात सगळे आजोबा म्हणतील, हीच भीती. असो. पत्र फार लांबलं. भावोजींना नमस्कार, मुलांचे गालगुच्चे घ्या.

तुमची (स्वयंपाकघरात अडकलेली)
वहिनी

ता. क. एवढं रामायण लिहिण्याचं कारण इतकंच की हे जगात फक्त तुम्हाला घाबरतात. फोन करून कानाच्या डॉक्टरांकडे जायचा दम द्या. फोन उजव्या कानाला लावायला सांगा.

आणखी एक ता. क. फोन करू नका! पाकिटाला तिकीट लावायचं राहिलं म्हणून पत्र घरातच पडून होतं, तेवढ्यात माझ्याकडून कानाचं कळल्यावर मास्तरच ह्यांना "डावा, उजवा" करत डॉक्टरांकडे घेऊन गेले. (त्यांना ढोलकाची घाई.) कानात नुसता मळ निघाला! डॉक्टर म्हणे तो पाहायला शेजारच्या खोलीतल्या नर्सला बोलावून घेऊन आले. घरी येऊन ह्यांनी स्टिरिओ लावला आणि स्टुलावरून उडालेच. आता इतका बारीक लावतात की भिंतीपलीकडे काही पोचत नाही, म्हणून मास्तर आमच्याच बैठकीच्या खोलीत येऊन उठाबशा काढतात.

अगदी शेवटचं. गेली कित्येक वर्षं मी ह्यांच्या डाव्या हाताला उभी राहून, ह्यांचं लक्षच नसतं असं समजून, मनातलं पुटपुटून मोकळी होत आले. आज हे आंघोळीला गेल्यावर स्वयंपाकघरात तसंच "ठोंब्या" म्हणाले, तर बाथरूमचा नळ धो धो चालू असताना, बंद दाराआडून आवाज आला, "काय म्हणालीस?"

वन्सं, आठ दिवस तुमच्याकडे राहायला येऊ का?