शेवटच्या बाकावरची बाराखडी

तीर्थरूप चंद्रशेखरभाऊजींच्या चरणी अमेरिकेतल्या कॅरी गावाहून प्रल्हादचा नमस्कार. तुमच्या गुडघ्याची सूज आणि ताईचा राग, दोन्ही देवाच्या कृपेने उतरले असतील.

महिन्यापूर्वी एका रविवारी सकाळी पूजा आटोपून मी नेत्राला मराठी शाळेत सोडले आणि मराठी मंडळाच्या सभेला जाण्याआधी वेळ होता म्हणून समोरच्या चिनी वर्गात जाऊन बसलो. (दोन्ही शाळा एकाच इमारतीत भरतात. आमच्याकडे समोसे चांगले, त्यांच्याकडे हजेरी.) तिथे आईबापांनाही मुलाशेजारी बसून लिहावे लागते. आमच्या शेजारच्या लिनबाईंचा केव्हिन थेट नेत्रासारखा कुरकुरत होता, की मी अमेरिकन आहे, मला हे कशाला? बाईंनी काय उत्तर दिले ते मी नंतर विचारून घेतले. “आहेस ना. पण तुझी आजी अमेरिकन नाही. लिही.” तेवढ्यात शिक्षिकेने मलाही पालक समजून कागद दिला. नाही म्हणणे बरे दिसेना, म्हणून तासभर एकच चिनी अक्षर गिरवले. (मनगट दुखले, मन मात्र जपाला बसल्यासारखे निवले.)

तिथून सभेला गेलो, तर गणपतीच्या आरत्या मुलांना इंग्रजी अक्षरांत छापून द्यायचे ठरले होते. अध्यक्ष राजीव म्हणाला, “काका, प्रॅक्टिकल व्हा ना यार. मुलं देवनागरी वाचणार कधी?”

“शिकवाल तेव्हा,” मी म्हणालो. नेत्रा त्या कागदावरून आरती म्हणणार नाही, तिला स्टेजवरून कॅन्सल केलेत तरी चालेल, असेही बोललो. त्यांनी लगेच केले. रत्ना दोन दिवस नवऱ्याशी, म्हणजे माझ्याशी, बोलली नाही. नेत्रा बोलली, पण इंग्रजीत.

आता दर रविवारी आम्ही बापलेक त्या शिक्षिकेच्या परवानगीने चिनी वर्गाच्या शेवटच्या बाकावर बाराखडी गिरवतो. नेत्रा चिडते, पण केव्हिनचे पान आधी भरेल या धास्तीने लिहिते. काल देवघरातल्या उदबत्तीच्या पुड्यावरचे ‘अस्सल चंदन’ तिने आपले आपण वाचले. मी हात जोडून उभा राहिलो. रत्ना म्हणाली, उदबत्ती तरी लावा.

ता. क. मुख्य काम राहिलेच. व्हिडिओ कॉलवर तुम्ही नेत्राला ‘हाऊ इज स्कूल, बेटा’ विचारता, ते कृपया थांबवावे. इंग्रजी ऐकवायला तिला अख्खी अमेरिका आहे. मराठीत विचारा आणि ती उत्तर देईपर्यंत गप्प बसा. राग मानू नये. मानलात तर मराठीत मानावा.

ता. क. दुसरा. तुम्ही ऐकणार नाही हे ठाऊक असल्याने नेत्राच्या टॅबवरचा तुमचा नंबर मी आज सकाळी काढून टाकला आहे.