तेजस्विनीच्या मुलाखतीत इंटरनेट का गेलं, याचा खुलासा

नाशिक रोड,
कोजागरीचा दुसरा दिवस

तीर्थरूप मोतीराम दाजींना गोरक्षचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा, ताईची शुगर आणि कळवणची कांद्याची रोपं ठीक असतील अशी आशा करतो. इकडे मी, मनीषा आणि तुमची तेजस्विनी खुशाल आहोत. इंटरनेटही आता खुशाल आहे. हे फोनवरच सांगणार होतो, पण काल तुम्ही "रविवारी पिकअप घेऊन येतो, पोरीला होस्टेलला टाकतो" एवढं बोलून फोन ठेवलात. (त्याआधी "तुझ्या त्या डबड्यापायी" असंही म्हणालात. ते डबडं नाही, पेंटियम आहे.) म्हणून सोमवारी तिच्या नोकरीच्या मुलाखतीत नेमकं काय झालं, ते क्रमवार लिहितो.

आमच्याकडे राउटरचं काम एक जुना संगणक करतो. बाहेरून आलेलं इंटरनेट घरातल्या प्रत्येक मोबाइलला वाटून द्यायचं, हे ते काम. तुमच्याकडे पाटाच्या पाण्याची बारी लावणारा केरू करतो तेच, फक्त हा मधेच चहा मागत नाही. इंटरनेटच्या कंपनीने दिलेली राउटरची डबी घरात आहे, पण ती उघडून बघता येत नाही, आणि जे उघडून बघता येत नाही त्यावर मी विसंबत नाही. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात सव्वीस वर्षं हेच पाळलं. संगणकाचं सगळं मी स्वतः शिकलो, एकाही क्लासची पायरी चढलो नाही. घरातल्या प्रत्येक वायरीला नावाची पट्टी आहे, आणि काय बदललं, किती वाजता बदललं, याची वहीत नोंद आहे.

दसऱ्याला संगणक बंद करून, झाडूनपुसून, पान्हे-पक्कडींबरोबर पूजेला मांडला. शुक्रवारी सकाळी सहा चाळीसला चालू केला, तर इंटरनेट येई, जाई, परत येई. मी निदान केलं : लिनक्स. (लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी अक्कल. फुकट मिळते आणि अनेक प्रकारची मिळते, त्यामुळे निवडणाऱ्याची कसोटी लागते.) आतली डेबियन जातीची लिनक्स चार वर्षं मुकाट राबत होती. पण मला वाटलं, दोन जीबी मेमरीच्या म्हाताऱ्याला आता तिचा भार सोसत नसणार. शनिवारी अल्पाइन घातली. ही इतकी सडपातळ, की कुणाच्या हळदीचा व्हिडिओसुद्धा तिच्याहून जाड भरेल. इंटरनेट येई, जाई. रविवारी ओपनडब्ल्यूआरटी घातली, जी मुळात राउटरसाठीच बनवलेली. अकरा मिनिटांत बसवली, एकही चूक नाही. तरी येई, जाई.

मनीषा म्हणाली, "अहो, सोमवारपुरती तरी ती कंपनीची डबी लावा." मी म्हणालो, प्रश्न डबीचा नाही, कारण शोधण्याचा आहे. त्यावर ती म्हणाली, "कारण तुम्ही शोधा, पण पोरीला नोकरी शोधू द्या." (मोबाइलच्या रेंजचं म्हणाल, तर आमच्या मजल्यावर तुम्ही गॅलरीत अर्धे बाहेर वाकून बोलता, ते आठवा.) तेजस्विनीने मात्र एवढंच विचारलं, "मामा, अकरापर्यंत होईल ना?" मी हो म्हणालो. दाजी, त्या 'हो'ची नोंद वहीत नाही, पण मला ती पाठ आहे.

सोमवारी अकरा वाजून चार मिनिटांनी समोरच्या मॅडमनी विचारलं, "अडचण आली तर तुम्ही काय करता?" आणि चित्र जागीच थिजलं. पोरगी लॅपटॉप छातीशी धरून अनवाणी जिना उतरली आणि खालच्या सिंधुबाईंच्या घरात शिरली. सिंधुबाईंनी कुकर उतरवला, टीव्ही बंद केला, आणि हिने त्यांचं वायफाय जोडून, धान्याच्या कोठीवर लॅपटॉप ठेवून उभ्याउभ्या उत्तर दिलं, "मॅडम, आत्ता केलं, तेच." ती फेरी पार झाली. दुसरी गुरुवारी आहे.

संध्याकाळी दोष सापडला आणि दूर झाला. तपशील तांत्रिक असल्याने येथे देत नाही. ताईला नमस्कार.

आपला,
गोरक्ष

ता.क. : तपशील मनीषा ताईला सांगणारच, तर तो माझ्याकडूनच कळलेला बरा. वायर जिथे खोचतात त्या खाचेत कुंकवाने भिजलेला तांदळाचा दाणा चिकटला होता. तेजस्विनीने टॉर्च मारून सेफ्टी पिनने काढला. चाळीस सेकंद लागले. (तिन्ही लिनक्स निर्दोष. वहीत तसं लिहून खाली सही केली आहे.)

ता.क. २ : अक्षता मीच वाहिल्या होत्या. मनीषा संगणकाच्या वरच्या पत्र्याला हळद-कुंकू लावून मोकळी झाली होती. मीच म्हणालो, राबतात खाचा आणि मान पत्र्याला, हे कुठलं? मग दोन्ही खाचांना वेगवेगळ्या अक्षता वाहिल्या.

ता.क. ३ : गुरुवारपर्यंत कंपनीची डबी लावली आहे. म्हातारा शेजारी बसून बघतो. दाजी, रविवारी पिकअप जरूर आणा, पण जाताना पोरीचं सामान तिच्यात भरू नका. तिने संगणकावर चिठ्ठी चिकटवली आहे : 'येथे अक्षता वाहू नयेत.' चिठ्ठी तिरकी लागली आहे, कडाही सरळ कापलेल्या नाहीत. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. तरी मी तिला हात लावलेला नाही.