घटांगच्या उतारावरची जीप आणि तिचा पुढचा दांडा

हा कागद दिवाळीपासून माझ्या पेटीत कोरा पडून आहे. आधी शाई नव्हती. शाई आणली तर बडनेऱ्याला एक ट्रक अडकल्याचा निरोप आला, तिथून कोणी परतवाड्याला घेऊन गेलं, आणि परतल्यावर दौत सुकलेली. पण हे सगळे बहाणे. खरं म्हणजे लिहायला बसलो की हात आपोआप थांबतो आणि डोळ्यांपुढे तोच उतार येतो. उद्या पहाटे निघायचं आहे, म्हणून आज लिहितो.

मी, हेमचंद्र नारायण मोहरील, वय सव्वीस, मूळचा अमरावतीचा, हल्ली मुक्काम बाळापूर, पुंजाराम मिस्त्री यांच्या वर्कशॉपची मागची खोली, पूर्ण शुद्धीवर आहे. नशा केलेली नाही, बिडी सोडून. कोणी धमकावलं नाही, कोणी गोड बोलून लिहून घेत नाही. मी मेल्यावर माझ्या जिनसांचं काय करावं ते माझ्याच अक्षरात लिहून ठेवतो. याआधी असा कागद केलेला नाही, त्यामुळे रद्द करायलाही काही नाही.

माझा थोरला भाऊ कमलाकांत अमरावतीला वकील आहे. त्याला पत्र टाकून रीत विचारली. त्याने कळवलं, की दोन साक्षीदार घे, ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीला घेऊ नको, आणि पाल्हाळ लावू नको. पहिल्या दोन गोष्टी पाळतो.

१) घर. आमच्या वडिलांच्या घरात माझा जो काही हिस्सा असेल तो कमलाकांतदादा आणि अनुपमावहिनी यांना. वडील पूजा सांगत आणि त्यांच्या मते माझी मुंज हात ग्रीसमध्ये घालायला केलेली नव्हती. मॅट्रिक नापास होऊन मी ट्रकवर बसून जबलपूरपर्यंत गेलो, तिथल्या लष्करी लिलावात लढाईतली एक जीप पाहिली, आणि परत येऊन आईला सांगितलं. आईने, म्हणजे रमाबाईंनी, हातातल्या पाटल्या काढून दिल्या. वडिलांना ते कधी सांगितलं नाही. दादाला माहीत होतं आणि त्याने मला चोर म्हटलं होतं. दादा, पाटल्या आईने स्वतः दिल्या. एवढं मान्य कर आणि माझा हिस्सा घे.

२) हत्यारं. पाने, हातोड्या, ग्रीसचा पंप आणि बेअरिंग ओढायचं पुलर पुंजाराम मिस्त्रींना. जॅक तिवशाचा शेषराव ड्रायव्हर मागत होता. पण तो साक्षीदार आहे, म्हणून कागदातून त्याला देता येत नाही. त्यावर तो म्हणाला, मंग मले साक्ष नको, जॅक दे. शेवटी जॅक आजच त्याच्या हातात दिला. जिवंतपणी दिलेल्याला कायदा आडवा येत नाही.

३) अकोल्याचे पंजाबराव, जुन्या गाड्यांच्या सामानाचे दुकानदार. यांनी मला विकलेली मागच्या एक्सलची हौसिंग, म्हणजे दातेरी चाकांची पेटी, दुकानापुढे चालवून दाखवली तेव्हा अजिबात आवाज करत नव्हती. घरी आणून उघडली तर आत तेलात कालवलेली केळी आणि लाकडाचा भुसा. दात झिजलेले असले की हा लगदा आवाज खातो, आठ-पंधरा दिवस. माझ्या पैशातून त्यांना एक डझन चांगली पिकलेली केळी द्यावीत. तक्रार नाही. ज्याला जुनी हौसिंग घ्यायची असेल त्याने आधी खालचा बूच उघडून तेल बोटांवर चोळून पाहावं, वास घ्यावा, मगच दाम बोलावा.

४) जीप. ती सध्या घटांगच्या उतारावर, रस्त्याच्या खाली, दोन सागांना अडकून उभी आहे. उद्या मी आणि शेषराव तिथे जाणार. तुटलेला मागचा एक्सल बदलायचा, काढून ठेवलेला प्रोपेलर, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांना नेणारा लांब शाफ्ट, परत बसवायचा, शेषरावची जीप वर रस्त्यावर बांधून साखळी खाली सोडायची, आणि मी आत बसून चारही चाकांवर, हलक्या गिअरात, तिला वर चढवायची. साखळी टिकली तर हा कागद फाडून टाकेन. नाही टिकली तर त्या दोन सागांच्या खाली अडवायला काही नाही.

जीप वर आली आणि मी आलो नाही, तर ती पुंजाराम मिस्त्रींना द्यावी. त्यांचा डावा पाय आता नाही, म्हणून क्लच हातावर आणायचा. हँडब्रेकच्या शेजारी एक लांब दांडा बसवून त्याची सळई क्लचच्या आडव्या शाफ्टला जोडावी. दांडा वितीने लांब घ्यावा, नाहीतर खांदा भरून येतो. सळईला दोन्हीकडे आटे ठेवावेत, प्लेट झिजली की आवळता येईल. लोहाराला सांगून दांडा करून ठेवला आहे, खाटेखाली आहे.

५) आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

दसरा झाल्यावर मी आणि मिस्त्री माझ्या जीपने एका ठेकेदाराच्या बांबूच्या कामाला सेमाडोहला गेलो होतो. परतताना मागचा एक्सल तुटला. जंगलात दुसरा कुठून आणणार? मिस्त्रींनी मागचा प्रोपेलर उतरवून गाडीत मागे टाकला, पुढचा दांडा, म्हणजे पुढच्या चाकांना इंजिनची ताकद जोडणारा, घातला आणि निव्वळ पुढच्या चाकांवर गाडी काढली. ही युक्ती त्यांचीच, सगळ्या वऱ्हाडातले जीपवाले ती करतात. घटांगच्या पुढे रेडिएटर उकळला. उतारावर गाडी थांबवली, मी डबा घेऊन पाण्याला गेलो. जाताना पाहिलं, मिस्त्रींनी त्यांच्या सवयीने पुढचा दांडा सोडला, गिअर घातला, हँडब्रेक कचकचून ओढला आणि खाली उतरले.

पुंजाराम मिस्त्रींचा नियम हाताखालच्या प्रत्येकाला पाठ आहे: गाडी थांबली की आधी पुढचा दांडा सोडा, म्हणजे चारी चाकांमधला पीळ निघतो, गिअरपेटीचे दात वाचतात. नियम बरोबर आहे, पण प्रोपेलर जागेवर असेल तेव्हा. जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो गिअरच्या मागच्या पेटीवर असतो, जिथून मागचा प्रोपेलर निघतो. ब्रेक प्रोपेलरला धरतो आणि प्रोपेलर चाकांना. प्रोपेलरच काढला तर ब्रेक पेटीतून फक्त पुढच्या चाकांना धरू शकतो, आणि तेही पुढचा दांडा घातलेला असेपर्यंत. दांडा सोडला की गिअर, इंजिन, ब्रेक, कोणाचाच चाकांशी संबंध राहत नाही. गाडी म्हणजे उतारावर ठेवलेला दगड.

चाकाखालच्या एखाद्या खड्यावर ती तेवढा वेळ टेकली असावी. मी डबा भरून वळलो तर जीप निघालेली. आवाज नाही, काही नाही, जणू कोणी बोलावलं म्हणून. मिस्त्री पायाचा ब्रेक दाबायला धावत आत चढायला गेले, घसरले, आणि पुढचं चाक त्यांच्या पायावरून गेलं. मी पोचलो तेव्हा ते ओरडत नव्हते. पायाकडे पाहतही नव्हते. मला म्हणाले, "हँडब्रेक तं ओढला होता ना रे पंडत मी?"

मी म्हटलं, "हो मिस्त्री. ओढला होता."

ते वाक्य अजून कानात आहे. ज्या माणसाला गाडी दुरून ऐकून कोणतं बेअरिंग गेलं ते सांगता येतं, त्याला स्वतःची गाडी का गेली ते कळत नव्हतं. मला कळत होतं आणि मी बोललो नाही. अमरावतीच्या दवाखान्यात गंगूकाकू आल्या, मिस्त्रींच्या घरच्या. नदीकाठच्या मळ्यातून भाजीची पाटी टाकून तशाच आलेल्या. त्यांनी विचारलं, गाडी कोणाच्या हातात होती? मी म्हटलं, माझ्या. का म्हटलं ते अजूनही सांगता येत नाही. तोंडातून निघून गेलं. त्या दिवसापासून काकूंनी मला मळ्यात पाय ठेवू दिलेला नाही, आणि बाजारात भटाच्या पोराने मिस्त्रीचा पाय घेतला असं बोलतात. बोलू देत, असं ठरवलं होतं.

पण मागच्या आठवड्यात शेषरावचा मागचा एक्सल तुटला. त्याने मिस्त्रींच्या युक्तीने प्रोपेलर काढला, तिवशाच्या जिनिंगच्या आवारात उतारावर गाडी थांबवली, आणि मिस्त्रींच्याच नियमाने आधी पुढचा दांडा सोडला. जीप मागे सरकत कापसाच्या ढिगात घुसली. कापूस वेचणाऱ्या बाया नुकत्याच चहाला उठल्या होत्या. शेषराव मला येऊन सांगत होता आणि हसत होता. मी मात्र त्याला बाया नेमक्या कुठे बसल्या होत्या ते विचारलं.

म्हणून लिहितो, आणि ज्याला वाचता येतं त्याने वर्कशॉपात सगळ्यांना वाचून दाखवावं: प्रोपेलर काढलेल्या गाडीचा पुढचा दांडा कधीही सोडू नये, आणि चाकाला दगड लावल्याशिवाय उतरू नये. घटांगला दांडा मिस्त्रींनी सोडला, मी नाही. त्यांना कमी दाखवायला हे लिहीत नाही. मी जे काही शिकलो ते त्यांच्याजवळ. नियमातली ही फट त्यांच्याकडून सुटली, तर आपल्या कोणाकडूनही सुटेल, एवढंच.

६) गंगूकाकूंना माझी सतरंजी आणि आईने दिलेला पितळी डबा. काकू, त्या दिवशी तुमच्याशी खोटं बोललो.

बाकी जे उरेल ते विकून माझी क्रिया करावी. जास्त खर्च नको.

ठिकाण: बाळापूर. दिनांक ९ जानेवारी १९६२, मंगळवार.

लिहून देणार: हेमचंद्र नारायण मोहरील (सही)

साक्षीदार पहिला: शेषराव किसनराव, ड्रायव्हर, तिवसा (सही)

साक्षीदार दुसरा: ______ (शाळेचे गुरुजी येतो म्हणाले होते, अजून आलेले नाहीत.)

खालचा मजकूर सही झाल्यावरचा. गुरुजी आले नाहीत. दारात बंडी थांबली, गंगूकाकू हाकत होत्या, आणि मागे वांग्यांच्या पोत्यांना टेकून पुंजाराम मिस्त्री. उद्या जीप काढायला चाललो हे त्यांना कोणी सांगितलं ठाऊक नाही. उतरले नाहीत. शेषरावकडून कागद मागून घेतला, वाचता येत नाही म्हणून त्यालाच वाचायला लावला. पाचवं कलम दोनदा वाचून घेतलं. काकू माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "काहून खोटं बोलला रे माह्यापाशी?" मिस्त्री म्हणाले, "दांडा म्याच सोडला होता. दवाखान्यात शुद्धीवर आलो तवाच ध्यानात आलं. तोंडातून निंगलं नाही, बाप्पा." मग अंगठ्याला शाई मागितली.

मी म्हटलं, मिस्त्री, जीप तुमच्या नावाने लिहिली आहे, तुम्ही साक्षीदार झालात तर ती तुम्हाला मिळायची नाही, दादाने कळवलं आहे.

म्हणाले, "नाही मिळाली तं नाही मिळाली. माह्या चुकीवर साक्ष माहीच पाहिजे."

अंगठा वरच्या रिकाम्या जागेत उठला आहे. म्हणजे जीप आणि हत्यारं त्यांना द्यायची तर आता जॅकसारखी हातोहातच द्यावी लागणार, उद्या त्या उतारावरून जिवंत वर येऊन. ते बंडीतूनच विचारत आहेत, साखळी कुठली आणली, दाखव.