काठीला लागलेला तळ

बाई, "चपला काढा, तळ घासा, खालच्या तणाचं बी वर न्यायचं नाही," हे तुमचं वाक्य अंजनेरी गडाच्या शेवटच्या पायऱ्यांशी आजही मला अडवतं. कॉलेजच्या आम्ही मुली रांगेत उभ्या, आणि तुम्ही पिशवीतून दातांचा जुना ब्रश काढून एकेकीची चप्पल घासून घेताय. दर्शनाला आलेली एक आजी आम्हाला अनवाणी बघून हात जोडते. "पोरी लय भाविक दिसत्यात." आम्ही हसू दाबतो, तुम्ही मात्र गंभीरपणे म्हणता, "आहेतच."

पठारावरच्या तळ्याच्या काठी तुम्ही चिखलात काठी खुपसायचात. डोंगरउतारावरची माती पावसाबरोबर येते, लव्हाळं तिला धरून ठेवतं, मग तेही कुजतं आणि तळ वर चढत जातो. कधीतरी इथं नुसतं कुरण असेल, असं तुम्ही सांगितलंत तेव्हा मी रडवेली झाले होते. "रडतेस काय? हजारो वर्षांचं काम आहे त्याचं. आपण फक्त घाई करायची नाही." आता घाई झाली आहे, बाई. माणसांच्या वर्दळीनं उतार उघडे पडलेत, गाळ भराभर येतोय, आणि आपण डबे खायचो तिथं गाजरगवत उभं आहे. तो ब्रश कशासाठी होता, ते मला तिथं उभं राहून नीट कळलं.

खालच्या वाडीचा झरा याच तळ्यावर जगतो. तिथली एक बाई परवा म्हणाली, "म्याडम, तळं लय उथळ झालंय. मशीन लावून खोल केलं तर उन्हाळ्यात पानी ऱ्हाईल, नाय का?" गावानं माझं मत मागितलंय. तळाची चिकणमाती म्हणजे तळ्याची परात, ती फुटली तर पाणी खडकाच्या भेगांतून निघून जाईल, हे तुम्हीच शिकवलंत. म्हणजे मशीन नको. वरचा गाळ तेवढा हातानं काढायचा. पण गाळ कुठं संपतो आणि परात कुठं लागते, हे तुमच्या काठीला कळायचं. तुम्ही गेल्यावर ती माझ्याकडे आली. मी इतकी वर्षं हेच शिकवते, तरी माझ्या हाताला अजून खात्रीनं कळत नाही. हे वाडीत कुणाला सांगितलेलं नाही, आणि हा कागदही कुठं जाणार नाही.

उद्या सकाळी वर जायचंय. एकदाच सोबत याल? "काठी तुझ्या हातात आहे, मला कशाला बोलावतेस," असंच म्हणाल.