मुरगूडचं वाचता येईना

सोम. ३ नोव्हें.
दिवसभर दुकानात मोटारींचं वाइंडिंग. संध्याकाळी हॅम रेडिओ, कॉम्प्युटरला जोडलेला. मुरगूडचा दोस्त दत्ता ठरल्या वेळी त्यावर आला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्याची फिकट रेघ दिसते, पण एक अक्षर निघत न्हाय. घशाच्या ऑपरेशनात त्याचा आवाज गेला, तो गेलाच. आधी माईकवर असा ओरडायचा की मी स्पीकर बारीक करायचो. आता रेडिओवरनंच टाइप करून बोलायचं, हे मीच त्याच्या डोक्यात भरवलं.

मंगळ. ४
त्याच्या बायकोचा, सुशीलावहिनींचा फोन. "भावजी, मोबाईलवर कुणाला उत्तर देत न्हाईत. रेडिओवर तेवढं बसत्यात. काल पाटीवर लिहून दावलं, अल्त्याला, म्हंजे तुम्हाला, ऐकू जात नसंल तर रविवारी अँटेनाची तार उतरवतो, सेट विकतो."
म्हणजे बोलणं कायमचं संपलं. चालणार न्हाय मला.

बुध. ५
शेजारच्या पाटलाच्या उसाला झटका मशीनचं कुंपण. रेडिओत सारखं टक् टक्. गेलतो.
"तासभर बंद ठेव की."
"आणि डुकरं घुसली म्हंजे? तू राखणीला बसणार व्हय?"
बायकोला, नसीमला बसवलं, बॅटरी घेऊन. परत आल्यावर तिनं काय काय ऐकवलं ते लिहीत न्हाय. टक् टक् थांबलं. दत्ता तरीबी वाचता येईना.

शुक्र. ७
उरलेल्या तांब्याच्या तारेची दुसरी अँटेना केली, फक्त ऐकायची. गच्चीवर, घरच्या वायरिंगपासनं लांब. खरखर निम्मी झाली. इंडोनेशियाचा एक गडी, दत्तापेक्षा फिकट, सगळा वाचता आला. मुरगूड न्हाय. डोकं फिरलं. जेवलो न्हाय.

शनि. ८
दुकान बंद, मुरगूड. दत्ता वाळलाय पार. हात धरला तो सोडेना. मीच एकटा बडबडत बसलो, खुळ्यागत. भिंतीवर साडेपाच बघून उठलो, तर मोबाईलात पाच वीस.
"आमच्यात घड्याळ पुढंच असतंय," वहिनी. "डेअरीला दूध वेळंत जायला पायजे."
"सगळी घड्याळं?"
"सगळी. ह्यांचा कॉम्प्युटरबी मीच पुढं केलाय."
अंदाजानं केलेला. नेट न्हाय, मग आपोआप नीट कुठनं होणार! रेडिओवरच्या ह्या टायपिंगात पंधरा-पंधरा सेकंदांचे तुकडे असतात, दोन्हीकडं एकदम सुरू झाले तरच अक्षरं निघतात. मला पाठ हाय हे. पण तिकडचं घड्याळ विचारायचं सुचलं न्हाय. आमच्या भिंतीवरचंबी पुढंच की! दत्ताच्या कॉम्प्युटरचं घड्याळ मोबाईल बघून सेकंदाला लावून दिलं.
वहिनींचं तोंड उतरलं. दत्ता खांदे हलवून हसत होता, नुसता, आवाज न करता. मला बघवंना.

रवि. ९
रेघ शुक्रवारसारखीच फिकट. आणि अक्षरं पडायला लागली! मराठीच, इंग्रजी लिपीत.
"अल्त्या, कान धुतलास व्हय?"
ओरडलो. नसीम पळत आली, तिला वाटलं करंट बसला. मग म्हैस, ऊसतोड, डॉक्टरला चार शिव्या. सगळं हळूहळू, ओळीओळीनं. "तार उतरवणार?" म्हणून विचारलं. "बघू," आलं. लई बरं वाटलं.

मंगळ. ११
तार अजून हाय. गप्पा चालल्या होत्या, मधेच त्यानं टाकलं, "माझा आवाज आठवतोय का तुला?"
"व्हय," लगेच पाठवलं. रेघ बुडाली. पोचलं का कळलं न्हाय.
सेट बंद करून बसलो, आठवून बघितलं. शिव्या सगळ्या आठवतात. हसण्याआधी खोकायचा, ते आठवतं. आवाज मात्र
नसीमला विचारलं. ती म्हणाली, मोठा होता. तेवढं मलाबी ठाऊक हाय.
उद्या परत विचारलं तर परत व्हयच पाठवणार.